जावई न्हाणीत बसला

"मान! अहो जावईबापू, मान धरा तिची! तांब्या न्हाय तो, गळ्याला धरून उचलायला!"

माझ्या सासूबाई ओरडत होत्या. आम्ही त्यांना मामी म्हणतो. मामींचा आवाज एरवी देवघरातल्या घंटीएवढा. पण त्या सकाळी तो भीमा ओलांडून पलीकडं सोलापूर जिल्ह्यात गेला आणि तिथली दोन म्हसरं दावं तोडून पळाली, असं मला मागाहून खात्रीलायक सूत्रांकडून कळलं.

मी होतो घरामागच्या न्हाणीत. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, बुडाखाली पाट, पाय समोर लांब केलेले, आणि नडग्यांवर माझी अडीच महिन्यांची लेक पालथी, तेलानं माखलेली. नुकत्याच पाण्याबाहेर काढलेल्या माशाला धरून बघा, म्हणजे माझी अवस्था कळेल. फरक एवढाच, की मासा रडत नाही. ही अशी रडत होती, जणू तिला कुणीतरी सांगितलंय की हाच तुझा बाप आणि जन्मभर हाच राहणार आहे. पाण्याचा एक थेंबही अजून पडला नव्हता.

कुंपणाच्या पलीकडं शेजारची आजी शेण टाकायला म्हणून आली होती. ती शेण तसंच हातात धरून उभी राहिली. "अगं बया! जावयाला न्हाणीत बसवलंय व्हय? आता बसलाच हाय तर भांडीबी घासून घ्या."

सासरे इतका वेळ ओट्यावर होते. हे ऐकल्याबरोबर त्यांना आठवलं की उसाची मोटार चालू करायची राहिलीय. गावात लाइट नव्हती, तरी ते गेले.

मामींनी लेकीला माझ्या पायांवरून उचललं, दुपट्यात गुंडाळलं, आणि ती त्यांच्या खांद्यावर जाताच गप्प झाली. बटण बंद केल्यासारखी. मग मामींनी निकाल दिला. "न्हाय पाठवत. दिवाळीपतुर मायलेकी हितंच राहतील. तुमच्या घरात बाईमाणूस न्हाय, आन् बापाला पोर धरता येत न्हाय. मग न्हाऊ कोण घालणार तिला? तुमचे तात्या?"

तेव्हा नुकता गुढीपाडवा झाला होता. दिवाळी म्हणजे निम्म्याहून जास्त वर्ष.

आता मामींचं म्हणणं चूक नव्हतं, हे मला आजही कबूल आहे. आमच्या लग्नाच्या आदल्या वर्षी आई गेली. बारामतीच्या घरात मी आणि माझे वडील तात्या, दोन पुरुष. बायकोचं सिझर झालेलं, तिला खाली बसून पाय लांब करता येत नव्हते. बारामतीत न्हाऊ घालणाऱ्या बाया मिळतात. पण मामींच्या मते त्या घड्याळ लावून पोर धुतात, "एसटी धुतल्यासारखं". आणि मी? मी फोनवर छाती ठोकून सांगितलं होतं, "मामी, काळजी करू नका, मला सगळं येतं." हे वाक्य मी धंद्यात रोज म्हणतो. मी ट्रॅक्टर विकतो. समोरच्यानं विचारलं, "हा ट्रॅक्टर दहा फुटी विहिरीतून वर येईल का?" तर मी म्हणतो, "मालक, येताना पाणी घेऊन येईल." तसंच ते निघून गेलं तोंडातून.

खरं दुखणं वेगळंच होतं. दर रविवारी मी बारामतीहून नरसिंहपूरच्या बाजूला गाडी हाणत जायचो. वाटेत उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, त्यांच्या मागं एवढा वेळ जायचा की ऊस गाळपाला जाईपर्यंत त्याला पुन्हा तुरे यायचे. पोचलो की मला खुर्ची, पोहे, चहा, नवा टॉवेल. जावईच मी. लेकीला माझ्या हातात द्यायचे, ती माझ्याकडं बघायची, भुवया आखडायची आणि भोकाड पसरायची. मग कुणीतरी हसून तिला परत घ्यायचं. संध्याकाळी मी परत. तिच्या लेखी मी रविवारचा पाव्हणा होतो, पोहे खाऊन जाणारा. दिवाळीपर्यंत असंच चाललं असतं तर तिनं मला वाकून नमस्कार करून विचारलं असतं, कुठल्या गावचे आपण?

बायको मला गाडीपाशी सोडायला आली. म्हणाली, "मला आपल्या घरी यायचंय. इथं मी तांब्याभर पाणी उचललं तरी आई ओरडते."

"मग सांग की आईला."

"सांगितलं. ती म्हणते, जावयाला पाटावर बसवते ते ओवाळायला, न्हाणीत न्हाय. तुम्हाला शिकवायला तयार नाही ती. म्हणते, जावयाला काय शिकवायचं, लाज वाटती."

म्हणजे गंमत बघा. मला येत नाही म्हणून पोर पाठवायची नाही, आणि मी जावई म्हणून मला शिकवायचं नाही. असा पेच आमच्या शोरूमला आला तर गिऱ्हाईक आणि मॅनेजर दोघंही राजीनामा देतील.

बारामतीला आलो तर तात्या दारातच खुर्ची टाकून बसलेले. तात्या एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त झाले तरी अजून कुठंही बसले की उजव्या हाताला आरसा शोधतात. मी सगळी हकीकत सांगितली.

"न्हाणीत बसलास? सासुरवाडीत?"

"बसलो."

"माणसं होती?"

"एक आजी होती. शेण घेऊन."

"मग गावभर झालं," तात्या म्हणाले, आणि हसायला लागले. हसता हसता ठसका लागला. मग त्यांनी मला जे सांगितलं, ते मला तोवर माहीत नव्हतं.

आमच्याकडं पूर्वी असं होतं, की वडीलधाऱ्यांसमोर बापानं स्वतःचं पोर उचलायचं नाही. भावाचं उचला, बहिणीचं उचला, शेजाऱ्याचं खांद्यावर घेऊन गावभर नाचवा. स्वतःचं नाही. लाज असते. माझे आजोबा, म्हणजे आबा, ओट्यावर बसलेले असले की तात्या माझ्याकडं बघायचेही नाहीत.

"तू रडायला लागलास तरी मी पेपर वाचायचो," तात्या म्हणाले.

"काय वाचायचात?"

"वाचतंय कोण? धरायचो."

"म्हणजे तुम्ही मला कधी उचललंच नाही?"

"उचलला की. आबा दुपारचं झोपलं की उचलायचो. तुझी आई दारात उभी राहायची, आबा उठत्यात का बगाय. खोकला आला की तुला तिच्याकडं टाकायचो आन् पुन्यांदा पेपर."

गाडी एवढी नीट चालवणारा, उभ्या आयुष्यात एक कोंबडीसुद्धा चाकाखाली न घेतलेला माणूस, स्वतःचं पोर चोरून उचलत होता. आणि माझी आई पहाऱ्याला! आज मला कुणाची चोरी नाही. मोबाइलवर 'बापानं काय करावं' सांगणारे इतके व्हिडिओ आहेत की ते बघून संपेपर्यंत पोराला नातवंडं होतील. शोरूममध्ये तर प्रत्येक जण पालकत्वाचा प्राध्यापक. एक म्हणाला, बापानं पोराशी मऊ आवाजात बोलावं. दुसरा म्हणाला, हो, तुझा आवाज फार मोठा आहे, पोर दचकतं. यात तथ्य होतं. मी बारामतीत शिंकलो की इंदापुरात बायका वाळवणं उचलतात. म्हणून मी लेकीपाशी गेलो की दवाखान्यात बोलल्यासारखा कुजबुजायचो. शिवाय चांगला बाप म्हणून मी एक ढकलगाडी घेतली होती, परदेशी धाटणीची, छत्रीवाली. सासऱ्यांच्या रानाच्या वाटेवर ती काळ्या मातीत अशी रुतली की ओढून काढताना सरी पडली, आणि सासऱ्यांनी त्या सरीत मेथी टाकली. मेथी चांगली आली.

दुसऱ्या दिवशी मी शोरूममधून आलो तर तात्यांनी मंडईतून एक कोहळा आणलेला. चांगला गलेलठ्ठ, अंगावर पांढरी लव.

"हे काय?"

"ट्रायल घे," तात्या म्हणाले. "मला एसटीत घेतलं तवा आधी रिकामी गाडी दिल्ती चालवायला. लगीच पाशिंजर न्हाय भरलं."

मग आमच्या बाथरूममध्ये रोज संध्याकाळी शाळा भरायला लागली. मी पाटावर, कोहळा माझ्या नडग्यांवर, तात्या दारात खुर्चीवर. आधी तेल. मग डाळीचं पीठ. मग डाव्या हातानं छातीखाली आधार आणि उजव्या हातानं तांब्या. पहिल्या दिवशी कोहळा जो सटकला तो थेट वॉशिंग मशीनच्या खाली. तात्यांनी शांतपणे सांगितलं, "पाशिंजर गेलं." मी म्हटलं, "साबण जास्त झाला." ते म्हणाले, "आर्टीओला असलं सांगत्यात सगळे."

पण तात्यांनी एक गोष्ट दाखवली. माझे पाय फाकलेले असायचे, म्हणून मधल्या फटीतून कोहळा घरंगळायचा. "दोन्ही पाय जवळ घे. घोटं जुळव. क्लच आन् ब्रेक एकदम दाबल्यागत." मी दाबले. कोहळा बसला. त्या पायांच्या खाचेत असा निवांत बसला की मलाच झोप यायला लागली. मग आम्ही पुढं सरकलो. उपडा कोहळा, उताणा कोहळा, कानात पाणी न जाऊ देता कोहळा. त्याला कान नव्हते, तात्यांनी खडूनं काढून दिले. शेवटी शेवटी तर आंघोळ झाल्यावर तात्या त्याला काजळाची तीट लावायचे. शेजारचे गृहस्थ एकदा मीठ मागायला आले आणि न मागताच परत गेले. आठवड्याच्या शेवटी त्या कोहळ्यात एवढं तेल मुरलं होतं की भाजी केली तेव्हा फोडणीला तेल लागलं नाही.

पुढच्या रविवारी पुन्हा गेलो. यावेळी तात्यांना बरोबर घेतलं. मामींनी पोह्याची ताटली पुढं केली. मी म्हटलं, "मामी, आधी आंघोळ."

"तुमची?"

"पोरीची."

मामींचा चेहरा पडला. तेवढ्यात बायको खोलीतून बाहेर आली आणि आईला म्हणाली, "आई, एकदा घालू दे त्यांना. जमलं तर मी याच आठवड्यात जाते. नाही जमलं तर राहते दिवाळीपर्यंत, आणि एक शब्द बोलत नाही."

मी बायकोकडं बघितलं. एवढा मोठा डाव तिनं माझ्यावर लावला, तोही मला न विचारता! मामींनी तात्यांकडं बघितलं. त्यांना वाटलं, व्याही तरी मुलाला अडवतील. तात्या म्हणाले, "लायसन काढायलाच आणलाय त्याला."

मामी आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात रांगोळीचा डबा. मला समजेना. त्या न्हाणीत गेल्या, पाट धुतला, पुसला, त्यावर नवीन टॉवेल घडी करून ठेवला आणि पाटाभोवती चौकोनी रांगोळी काढली, कोपऱ्यात कमळ. जावई न्हाणीत बसणारच असेल तर मानानं बसावा, असा त्यांनी तोडगा काढला होता. मी त्या रांगोळीतल्या पाटावर बसलो, पॅन्ट दुमडून. कुणी ओवाळलं असतं तर ओवाळून घेतलं असतं.

कुंपणापलीकडं आजी होतीच, पण आज एकटी नव्हती. आळीतल्या निम्म्या बाया कुस्त्यांच्या फडाला आल्यासारख्या जमलेल्या. सासऱ्यांची मोटार पुन्हा चालू करायची राहिली होती.

लेकीला माझ्या पायांवर ठेवलं. मी घोटे जुळवले, क्लच आणि ब्रेक. बसली. तेल झालं. पीठ झालं. मान धरली, छातीखाली हात दिला, सगळं शाळेत शिकवल्याप्रमाणं. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की कोहळा लाथा मारत नाही. ही मारत होती. कोहळा वळत नाही, रडत नाही, लाल होत नाही. ही सगळं एकदम करत होती. मी कुजबुजलो, "शू शू, बाळा." ती आणखी चढली. मी आणखी मऊ झालो. ती आणखी चढली. बायको दारात उभी, तोंडावर पदर धरल्यासारखा ओढणीचा शेव. मामी टॉवेल घेऊन वाकलेल्या, कुठल्याही क्षणी पोर उचलून घेतील अशा. त्यांचा हात निघालाच होता.

भीतीनं माणसाच्या तोंडून काय निघेल सांगता येत नाही. कुणाच्या तोंडून देवाचं नाव निघतं. माझ्या तोंडून धंदा निघाला.

"या मालक!" मी ओरडलो, अगदी शोरूममधल्या आवाजात. "बसा! बघून घ्या, मग बोला! पन्नास हॉर्सपॉवर! पॉवर स्टेअरिंग, एका बोटानं वळवा! तेलातले ब्रेक, दाबला की जागेवर!"

मामींचा हात थांबला. लेकीचं रडणं तोंडातच थांबलं. तिनं मान कलती केली.

मी तांब्या उचलला. "नांगर जोडा, रोटर जोडा, ट्रॉली जोडा! चिखल असो, काळी असो, मुरूम असो, मागं बघणार नाही! डिझेल पितं किती? मालक, वास घेतं नुसता!"

पाणी पाठीवर पडलं. ती बघत होती. आवाजाकडं बघत होती, अशा नजरेनं की, अरे, हा होय! मी तिला उताणी केली, टाळू सांभाळली, कपाळाला आडवा हात धरून डोक्यावर पाणी घातलं, आणि सगळा वेळ हप्ते, वॉरंटी, सर्व्हिसिंग, जुना ट्रॅक्टर बदलून मिळेल, असं सगळं तिला सांगत राहिलो. ती चुळबुळलीसुद्धा नाही. रांगोळीतलं कमळ वाहून गेलं.

कुंपणावरून आजी म्हणाली, "बया, पोरीला ट्रॅक्टर घेऊनच देतोय की ह्यो!"

आणि बायको हसत हसत रडायला लागली. "नऊ महिने पोटात हेच तर ऐकलंय तिनं," ती म्हणाली. "घरात फोनवर तुम्ही दुसरं बोलता तरी काय?"

मी हात थांबवून तिच्याकडं बघितलं. म्हणजे अडीच महिने मी चांगला बाप व्हायचं म्हणून भलताच कुणीतरी माणूस होऊन माझ्या लेकीकडं जात होतो. मऊ, कुजबुजणारा, व्हिडिओत बघितलेला. तिनं त्याला ओळखलं नाही, यात तिची काय चूक? तो मलाही फारसा आवडत नव्हता. चांगला बाप कसा असतो ते मला अजून ठाऊक नाही. पण तो निदान पोराच्या ओळखीचा असावा, एवढं मला त्या न्हाणीत, ओल्या पॅन्टीत बसून समजलं.

"कानामागं पुसा," मामी म्हणाल्या. बाकी काही नाही. टॉवेल मात्र त्यांनी स्वतः न धरता माझ्या हातात दिला.

त्या आठवड्यातच पाठवणी झाली. मामींनी गाडीत जे सामान भरलं त्यात दुपटी, वावडिंग, डिंकाचे लाडू, कुळथाचं पीठ, आणि एक पाट. तोच, न्हाणीतला. "तुमच्यात असले पाट मिळत न्हाईत," असं त्यांचं म्हणणं. बारामती म्हणजे विमान मिळेल असं गाव झालंय, पण पाट मिळत नाही, यावर मी वाद घातला नाही. बायकोची ओटी भरताना त्यांचे डोळे भरले, पदर लावून त्यांनी ते पुसले आणि लगेच माझ्याकडं वळून दम दिला, "घोटं जुळवून बसा."

बारामतीतली पहिली सकाळ. बाथरूममध्ये पाट, पाटावर मी, माझ्या पायांवर लेक. दारात तात्या, खुर्चीवर नाही, उभे, दोन्ही हातांवर टॉवेल पसरून. मी ट्रॅक्टरची सगळी मॉडेलं सांगितली, शेवटी तांब्याभर पाणी ओवाळून टाकलं आणि पोर उचलून तात्यांच्या हातांत दिली. त्यांनी सवयीनं एकदा मागं वळून बघितलं, ओट्यावर आबा आहेत का म्हणून. तिथं कुणी नव्हतं. मग त्यांनी नातीला छातीशी धरलं आणि घरभर फेऱ्या मारायला लागले, आणि मी मागितली तरी परत देईनात.

मला राहवेना. मी मामींना फोन लावला, स्पीकरवर. म्हटलं, "मामी, घातली! एकट्यानं! रडली नाही, की हूं नाही की चूं नाही. पाणी असं घातलं की साबणाला कळलं नाही आपण कधी गेलो ते. कानात थेंब नाही, डोळ्यात थेंब नाही. शेजारीपाजारी बघायला आले, म्हणाले असा बाप बारामती तालुक्यात नाही, इंदापूर तर सोडाच. आता बोला, मामी!"

पलीकडं कुकरची शिट्टी झाली.

"रोज घालायची असती," मामी म्हणाल्या.